केळ्याचा वास

भाग्येशचं नाक चोंदलं होतं आणि हे त्याने कंपनीत कुणाला कळू दिलं नव्हतं. केमिकल कंपनीतल्या सेफ्टी ऑफिसरला वास न येणं म्हणजे ड्रायव्हरला न दिसण्यासारखंच. उद्या सोमवारी शेळकेसाहेब त्याला नोकरीत कायम करणार होते. रविवार तेवढा निभावायचा होता.

स्वयंपाकघरात त्याची बायको ज्ञानेश्वरी नाश्त्याला मफिन भाजत होती. मैदा नाही, साखर नाही, लोणी नाही. गव्हाचं पीठ, गूळ आणि फळाचा गर. तपासणीत भाग्येशची साखर काठावर निघाल्यापासून त्या घरात चवीला मज्जावच होता.

तेवढ्यात दार धडधडलं. बाहेर वरच्या मजल्यावरच्या जमुनाकाकू, नाकाला ओला पदर.

"अरे, तू सेप्टीवाला ना? घरात काय बसलाय? केळ्याचा वास येतंय, सगली खाली उतरली!"

केळ्याचा वास आला की बोईसरचा माणूस फळवाल्याला शोधत नाही, कुठल्या कारखान्यात काय गळलं ते शोधतो. भाग्येशने जोरात श्वास ओढला. आत फक्त सर्दी सरकली.

खाली कंपनीची अख्खी कॉलनी ओले रुमाल धरून उभी. वॉचमन बबलू धावत आला. "साब, केला लीक हो गया!"

शेळकेसाहेब बनियनवर होते, तरी साहेबच दिसत होते. "भाग्येश, वास घे. कुठलं एस्टर गळलंय असं वाटतंय का?"

भाग्येशने हुंगलं. सगळे त्याच्या नाकाकडे बघत होते. घाबरून त्याने नजर वर नेली, तर त्याच्याच स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन गरगरत होता. फळाचा गर! मफिनमध्ये केळ्याशिवाय दुसरं काय घालणार?

"सर, ते... आमच्याकडे मफिन भाजतायत. केळ्याचे."

एकच हशा पिकला. "मेल्या, माझं कालवण करपलं असंल वर!" जमुनाकाकू म्हणाल्या. शेळकेसाहेब तेवढे हसले नाहीत. "सेफ्टी ऑफिसरच्या घरातून गळती. उद्या बोलू आपण."

लोक वर गेले आणि त्यांनी बंद केलेल्या खिडक्या सताड उघडल्या. भाग्येश पडेल चेहऱ्याने घरी आला.

"तुझ्या केळ्यांनी माझी नोकरी घालवली."

"कसली केळी? घोलवडचे चिकू घातलेत मी."

म्हणजे केळ्याचा वास बाहेरूनच येत होता! तो तसाच खाली पळाला आणि ओरडू लागला, "खाली या! खरंच गळती आहे!"

"भाग्येश, पुरे आता," खिडकीतून शेळकेसाहेब.

"आता काय, फणसाचा वास येतंय काय?" जमुनाकाकू.

एकही माणूस हलेना. पोरंबाळं आत, खिडक्या उघड्या, आणि हा खाली हात जोडून उभा. शेवटी त्याने बबलूच्या कानात काहीतरी सांगितलं. बबलूने पोटात हवा भरली.

"मफिन! सबको गरम मफिन! टंकी के पास!"

मॉक ड्रिलला गुडघे दुखतात म्हणून न उतरणाऱ्या आज्या पहिल्या आल्या. प्रत्येकाच्या हातात ताटली. भाग्येश पुढे आणि मागे सगळी बिल्डिंग, अशी वरात वाऱ्याच्या उलट दिशेने पाण्याच्या टाकीपाशी पोचली. तिथे शेळकेसाहेबांचा फोन वाजला. मागच्या रस्त्यावर टेम्पो कलंडून आइस्क्रीमच्या इसेन्सची पिंपं फुटली होती. केळा फ्लेवर. घाबरण्यासारखं काही नव्हतं.

साहेबांनी भाग्येशच्या खांद्यावर हात ठेवला. "पण माणसं हलवलीस. शाब्बास! उद्या तुला कायम करतो." आणि दुसऱ्या हातातली ताटली पुढे केली. "कुठायत?"

भाग्येशने रांगेकडे पाहिलं. सगळ्यात शेवटी, श्वास लागलेली, ताटली घेतलेली ज्ञानेश्वरी उभी होती. ती पुढे झुकली आणि त्याला हळूच म्हणाली,

"मफिन कोण वाटतंय रे? मैद्याचे आहेत ना?"