रिकाम्या वाडग्याचा ठोसा

बुकोम या आमच्या समुद्रकाठच्या बॉक्सरांच्या वस्तीत माणसाचं नाव विचारण्याआधी त्याचं नाक बघतात. वाकडं असेल तर गडी केव्हातरी रिंगमध्ये उतरलेला आहे असं समजायचं. सरळ असेल तर तो पाहुणा, पाद्री नाहीतर शिंपी. ओकांते शिंपी होता. त्याचं नाक इतकं सरळ होतं की कापड आखताना पट्टी सापडली नाही, तर त्यावर भागलं असतं.

गल्लीतल्या झाडून साऱ्या बॉक्सरांच्या चड्ड्या ओकांतेच शिवायचा. लाल सॅटिनच्या, पिवळ्या पट्टीच्या, मागे नाव काढलेल्या. त्या घालून लोक पदकं जिंकायचे, पदकं घरी न्यायचे आणि फाटलेल्या चड्ड्या ओकांतेकडे आणायचे. याचं त्याला एरवी काही वाटलं नसतं. पण त्याच्या सासूबाईंच्या, म्हणजे नाआ अयोर्कोर यांच्या बाहेरच्या खोलीत एक भिंत होती. तिच्यावर वारलेले सासरे, तिघे मेहुणे आणि सासूबाईंचा एक चुलतभाऊ असे सगळे मुठी उगारून फोटोत उभे होते. त्यांच्या रांगेच्या शेवटी एक खिळा रिकामा होता. "तो जावयासाठी ठोकून ठेवला होता," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या आणि सुस्कारा टाकून त्यावर आपली छत्री अडकवायच्या. लग्न झाल्यापासून ओकांते त्या छत्रीकडे बघत केळ्याचे तळलेले काप खात आला होता.

म्हणूनच त्या सोमवारी क्लबचे कोच आत्तो चड्ड्यांचा गठ्ठा न्यायला आले आणि जाता जाता म्हणाले, "ओकांते, शनिवारी तू का नाही उतरत?", तेव्हा हसून सोडून देण्याऐवजी त्यानं "कुठे?" असं विचारलं. (सगळा घात त्या एका शब्दानं केला.)

"हौशी लोकांची स्पर्धा आहे रे, आपल्या गल्ल्यांची. मधल्या एका वजनगटात कुत्रंसुद्धा नाही. तू नाव दे. समोर कुणी येणार नाही. पंच तुझा हात वर करील, गळ्यात पदक पडेल, फोटो निघेल, की घरी!"

"आणि ठोसे?"

"ठोसा मारायला समोर माणूस लागतो ना?"

"फोटो नक्की निघेल?"

"नक्की. फक्त अडीच किलो उतरव. नाहीतर वरच्या गटात जाशील, आणि वरच्या गटात लान्क्वेइ आहे."

लान्क्वेइ हा कोळी. पाच जणांनी ओढायची होडी तो एकटा वाळूवर ओढतो. गेल्या खेपेला त्याचा एक ठोसा चुकून रिंगच्या खांबाला लागला, तो खांब अजून मान कलती करून उभा आहे. ओकांतेनं खालच्याच गटात नाव दिलं. बायकोला, अमेर्लेला, त्यानं यातलं अवाक्षरही सांगितलं नाही. भिंतीवर फोटो लागला की तिलाच दिसेल, असा त्याचा बेत होता.

अडीच किलो म्हणजे शनिवारपर्यंत रात्रीचं जेवण सोडायचं. बोलायला सोपं आहे. पण आमच्या गा जमातीच्या माणसाचं रात्रीचं जेवण त्याच्या हातात नसतं. ओकांते वाडवडिलांच्या रीतीप्रमाणे काकांबरोबर पुरुषांच्या घरात राहायचा. अमेर्ले दोन गल्ल्या सोडून आई आणि धाकट्या बहिणीबरोबर बायकांच्या घरात. रोज संध्याकाळी तिनं रांधलेलं जेवण झाकलेल्या वाडग्यातून त्याच्याकडे यायचं. वाडगा रिकामा परत गेला की संसार सुखाचा. भरलेला परत गेला, तर नवरा दुसरीकडे जेवला. मग कुणी काही विचारत बसत नाही, थेट वडीलधाऱ्यांची बैठकच बसते. ओकांतेच्या एका काकांनी पोट बिघडलं म्हणून एकदाच भेंडीचं कालवण परत पाठवलं होतं. ते काका अजून बायकोविना आहेत.

त्या संध्याकाळी वाडगा घेऊन नेहमीप्रमाणे मेहुणी आली. फोफो तिचं नाव. जीभ आणि नजर, दोन्ही सुईसारख्या.

"दाजी, जेवा."

"आज भूक नाही गं."

फोफोचे हात डोक्यावरच्या वाडग्यालाच थांबले. "का? कुणी वाढलं?"

"कुणी नाही! म्हणजे भूक आहे! चांगली आहे!"

आणि त्यानं केन्केचे, म्हणजे आंबवून उकडलेल्या मक्याच्या पिठाचे, दोन्ही गोळे, तळलेला मासा आणि मिरचीचा ठेचा बोटं चाटून संपवला. वर संशय नको म्हणून म्हणाला, "ताईला सांग, अजून एक गोळा असता तरी चाललं असतं." दुसऱ्या संध्याकाळी केन्केचे तीन गोळे आले.

ओकांतेच्या तोंडचं पाणी पळालं. (खरं म्हणजे सुटलं होतं. तोच तर घोळ होता.) वाडगा ठेवून फोफो पलीकडे मैत्रिणीकडे गप्पा मारायला गेली होती. ती परत यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. तेवढ्यात मागच्या खोलीतला भाडेकरू ओब्लिटे कामावरून आला. तो बंदरावर बर्फाच्या लाद्या वाहायचा. एकटा जीव, रांधणारं कुणी नाही, अंगावर हाडं आणि कातडी एवढंच. बॉक्सिंगही करायचा, पण खालच्या वजनगटात, आणि दुसऱ्या फेरीत दम लागून हरायचा. खालच्या गटातला म्हटल्यावर त्याच्यापासून काही धोका नव्हता.

"ओब्लिटे, जेवलास का?"

"हो दादा. काल जेवलो होतो."

ओकांतेनं वाडगा त्याच्यापुढे सरकवला. ओब्लिटेनं एकदा वर आकाशाकडे पाहिलं आणि मग वर पाहिलंच नाही. ओकांते एक संत्रं सोलत त्याच्या समोर बसला. माशाचा वास येत होता, ठेच्याचा येत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असणार, असं त्याला वाटलं.

असं रोज चाललं. ओकांतेची कंबर उतरू लागली. गुरुवारी ओब्लिटे आपली चड्डी घेऊन दुकानात आला. "दादा, कमरेत जरा सैल करून देता? आवळते."

"सॅटिन आकसतं रे धुतल्यावर," ओकांते म्हणाला आणि शिवण उसवून त्यानं ती दोन बोटं सैल करून दिली. साऱ्या बुकोमची मापं घेणाऱ्या या गृहस्थाच्या डोक्यात तेव्हासुद्धा उजेड पडला नाही.

उजेड दुसरीकडेच पडत होता. केन्के खाऊन झालं की त्याला गुंडाळलेल्या कणसाच्या पानांची चौपदरी घडी घालून वाडग्यात ठेवायची, ही ओकांतेची जुनी खोड. शिंप्याच्या हातानं घातलेली ती घडी पाहून अमेर्ले रोज हसायची. या आठवड्यात पानं चोळामोळा होऊन परत येऊ लागली. शुक्रवारी फोफो वाडगा घेऊन आली ती गेलीच नाही, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ताईनं विचारलंय, घड्या का नाहीत?"

"घाई असते गं."

"आणि माशाचे काटे? तुम्ही काटे चावून कधीपासून खाता?"

"हल्ली दात बळकट झालेत."

"गाल मात्र बसलेत. कपडे सैल झालेत. नजर चुकवताय. आणि आमचं अन्न कुणीतरी दुसरंच खातंय. ताईला काय समजायचं ते समजलंय दाजी. काल चुलीपाशी बसून रडत होती."

ओकांतेची पाचावर धारण बसली. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण एका दिवसावर आलेलं पदक! उद्या फोटोच हातात ठेवू, ती रडायची थांबेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. फोफो वाडगा ठेवून निघून गेली.

शनिवारी तो वजनकाट्यावर उभा राहिला. घड्याळ काढलं, बनियन काढलं, श्वासही सोडून दिला. "गटात बसलास!" कोच आत्तो ओरडले. ओकांते फोटोग्राफर कुठे दिसतो ते बघू लागला.

"आणि आनंदाची बातमी ऐक," कोच म्हणाले, "तुला जोडीदार मिळाला! एक जण खालच्या गटात मावेना. वजन वाढलंय बेट्याचं."

मागून ओब्लिटे आला. दंड भरलेले, गालांवर तकाकी, आणि अंगात ओकांतेनं सैल करून दिलेली चड्डी. "दादा! जन्मात पहिल्यांदा अंगात ताकद आलीय बघा. सगळी तुमच्या घरची!"

आपण रोज संध्याकाळी वाडगाभर खाऊ घालून कुणाला तयार केलं, ते ओकांतेला आत्ता कळलं. त्यानं कोचना बाजूला घेतलं. "माघार घेता येते का?"

"येते की. पण मग फोटो नाही."

ओकांतेच्या डोळ्यांपुढे छत्री आली. तो रिंगमध्ये चढला.

"दादा, तुम्ही माझे अन्नदाते," ओब्लिटे ग्लोव्ह जोडून पुटपुटला. "मी हळू मारीन."

"किती हळू?"

"नक्की नाही सांगता येत. ताकद नवीन आहे ना."

घंटा झाली. ओकांते गोल गोल फिरू लागला. पोटात कावळे ओरडत होते आणि त्याला दोन-दोन ओब्लिटे दिसत होते. "ए शिंप्या, माप घेतोयस काय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. तेवढ्यात दारापाशी कालवा झाला.

"कुठाय ती?"

आवाज अमेर्लेचा होता. आज वाडगा घेऊन ती स्वतःच त्याच्या घरी गेली होती, आणि तो इथे असल्याचं गल्लीत कळल्यावर तशीच तडक आली होती. डोक्यावर वाडगा, मागे फोफो, त्यामागे छत्री उगारलेल्या सासूबाई. "माझं रांधलेलं खाणारी ती बया कुठाय? आणा तिला पुढं!"

ओकांतेनं वळून पाहिलं. वाडग्यातल्या ताज्या तळलेल्या माशाचा वास आला आणि त्याची हनुवटी आपोआप वर उचलली गेली. तिथेच ओब्लिटेचा ठोसा पोचला. तो हळूच होता, असं ओब्लिटे आजही शपथेवर सांगतो. ओकांते उताणा आडवा झाला. पंच अंक मोजू लागला आणि फोटोग्राफरनं, एकदाचा, फोटो काढला.

अमेर्ले दोरांपर्यंत धावली. "अहो, बोला! कोण आहे ती?"

ओकांतेनं पडल्या पडल्या ग्लोव्ह उचलून ओब्लिटेकडे दाखवलं. "हा."

गर्दी पोट धरून हसली. ओब्लिटेनं तोंडातलं रबर काढलं. "खाणारा मीच, वहिनी. काय शिक्षा करायची ती करा. पण तो मिरचीचा ठेचा! त्याच्यासाठी माणूस पुन्हा जन्म घेईल."

"मिरची मी वाटते," मागून फोफो म्हणाली आणि आठवडाभरात पहिल्यांदा तिनं नजर खाली घातली.

अमेर्ले दोरांखालून आत शिरली आणि आधी तिनं बोटांनी नवऱ्याचं नाक चाचपून पाहिलं. मग रडू लागली. "बाबांचे डोळे शेकले, तिघा भावांचे ओठ शेकले. लहानपणापासून मिठाच्या पाण्याचं पातेलं चुलीवरून कधी उतरलं नाही. म्हणून हट्ट धरून शिंपी केला! घरात एक तरी नाक जागेवर असावं म्हणून! आणि तुम्ही इथे? मी चार दिवस दुसऱ्या बाईच्या नावानं रडतेय!"

ओकांतेला भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. इतकी वर्षं ज्या नाकाची त्याला लाज वाटत होती, त्याच्यावरच ती भाळली होती.

"सरळ आहे ना?" त्यानं विचारलं.

"आहे."

"मग वाडगा उघड."

तो तिथेच रिंगच्या कोपऱ्यात बसून जेवला आणि कणसाच्या पानांची चौपदरी घडी घालून त्यानं ती वाडग्यात ठेवली. अमेर्ले डोळे पुसत हसली.

होमोवोच्या सणाआधीच ओब्लिटेनं फोफोला मागणी घातली. त्यामुळे ओकांतेला स्वतःच्या घरचं चारून स्वतःच वाढवलेला साडू मिळाला. हल्ली संध्याकाळी त्या घरात दोन वाडगे येतात, आणि ओब्लिटेच्या वाडग्यात ठेचा जास्त असतो.

सासूबाईंनी छत्री काढून त्या खिळ्यावर फोटो लावला. फोटोत ओब्लिटे हात उंचावून उभा आहे आणि खाली कोपऱ्यात पायांचे दोन तळवे दिसतात. कुणी विचारलं तर सासूबाई सांगतात, "ते आमचे थोरले जावई. आणि धाकट्याच्या चड्डीची शिवण बघा, तीही त्यांचीच." ओकांते भिंतीवर चढला तो असा.

एकच अडचण झाली. छत्री अडकवायला आता खिळा उरला नाही. त्यामुळे ओकांते आला की सासूबाई ती त्याच्याच हातात देतात, आणि तो निघेपर्यंत ती धरून भिंतीलगत उभा असतो.