जीभ ज्या राज्यात

‘प्रवाशांनी घाई करू नये. गाडी उभी आहे, तुम्हाला घेतल्याशिवाय ती जाणार नाही.’ बाबांचा हा आवाज बसस्थानकाच्या कर्ण्यातून निघायचा आणि नदीवर पसरत जायचा. गाडी उशिरा येणार आहे हेसुद्धा त्यांनी सांगितलं, तर लोकांना बरं वाटायचं. शाळेतून परतताना तो कानावर पडला, की मला वाटायचं, आता हरवायची भीती नाही.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, जीभ मात्र रुसून बसली. त्यांना एक स्पीच थेरपिस्ट मिळाल्या. आई त्यांना ‘बोलतं करणाऱ्या बाई’ म्हणे. दोन महिन्यांत बाईंनी बाबांकडून ‘पाणी’ काढलं, मग ‘ऊन’, मग आईचं नाव. त्या दिवशी आई स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धूत बसली.

पुढे मी दोघांना माझ्या घरी आणलं, नदीच्या अलीकडे. पूल ओलांडला की राज्य बदलतं, हे येथे नमूद करणं आवश्यक आहे. शिकवणी मोबाइलवर चालू राहिली. तिसऱ्या दिवशी मी खोलीत डोकावलो, तर पडद्यावर बाई म्हणत होत्या, ‘ओठ मिटा, आता सोडा.’ माझ्या अंगावर काटाच आला. मी परराज्यातील आरोग्य व्यावसायिकांच्या परवाना कक्षाचा प्रमुख आहे. नियमानुसार उपचार तिथे घडतो, जिथे रुग्ण असतो. म्हणजे बाई स्वतःच्या राज्यात बसून माझ्या घरात विनापरवाना व्यवसाय करत होत्या.

‘आई, फोन बंद कर.’

‘अरे, अर्धा शब्द झालाय त्यांचा!’

‘उरलेला अर्धा परवाना आल्यावर.’

बाईंनी त्याच दिवशी अर्ज केला. आम्ही त्यांच्या राज्याकडे दाखला मागितला, की सदर व्यक्ती आमच्या राज्यात व्यवसाय करत नाही. त्यांनी कळवलं, की असा दाखला तुमच्या राज्याचा परवाना क्रमांक मिळाल्यावरच देता येईल. क्रमांकच नसेल तर कोण व्यवसाय करत नाही, हे ओळखायचं कसं? मुद्दा बिनतोड होता. मी तो फाइलला लावला.

मधल्या काळात आईने वाट काढली. रोज सकाळी ती बाबांना हाताला धरून पुलावर नेई. मधल्या, हद्दीच्या पांढऱ्या पट्ट्यापलीकडे घडीची खुर्ची मांडून मोबाइल लावला, की बाबा कायदेशीर. पलीकडे ‘पान’, पलीकडे ‘पाखरू’. अलीकडे आले, की मुके. एकदा ऊन लागतं म्हणून आईने खुर्ची सावलीकडे सरकवली आणि एका जागरूक नागरिकाने तक्रार केली, की रुग्णाचे गुडघे आमच्या राज्यात आले होते. मी लेखी निर्णय दिला: वाणीच्या उपचारात जिभेचं स्थान ग्राह्य धरावं, मात्र रुग्णाने पुढे वाकू नये.

आईने कागद वाचला. ‘आणि शिंक आली तर?’

‘तरतूद नाही.’

मग पूल दुरुस्तीसाठी बंद झाला. डॉक्टर म्हणाले होते, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षातच येतं. अकरावा महिना चालू होता. सुदैवाने त्याच सुमारास दोन्ही राज्यांनी सुलभीकरणाचा करार केला. त्यानुसार एका अर्जाऐवजी दोन अर्ज करायचे होते, आणि उपचाराची गरज रुग्णाने स्वतः अधिकाऱ्यासमोर, तोंडी, स्पष्ट उच्चारांत सांगायची होती.

आईबाबा माझ्या खिडकीवर आले. रांगेतून आले, ओळख काढली नाही.

‘नाव?’ मी बाबांना विचारलं.

‘बापाला नाव विचारतोस?’ आई म्हणाली.

‘आई, रकाना आहे.’

बाबांनी ओठ मिटले, सोडले. गळ्याची शीर वर आली. आवाज आला नाही.

‘बघ, बोलता येत नाही त्यांना. लिही तसं.’

‘ते त्यांनी सांगायला हवं.’

‘सांगता आलं असतं तर बाई कशाला हव्या होत्या?’

‘बरोबर. सांगता आलं तर अर्ज फेटाळावाच लागेल.’

बाबांनी पुन्हा जोर लावला. कपाळावर घाम आला. मग त्यांनी काचेखालच्या फटीतून दोन्ही हात आत घातले. मला वाटलं, कागद हवाय. ते माझ्या बाहीचं सुटलेलं बटण लावू लागले. बराच वेळ लागला.

‘आई,’ मी म्हणालो, ‘एक कलम आहे. अधिकारी स्वतःच्या जबाबदारीवर वर्षभराचा तात्पुरता परवाना देऊ शकतो. दाखला नको, तोंडी निवेदन नको.’

‘कधीपासून आहे हे?’

‘पहिल्यापासून.’

मला वाटलं, रांग खवळेल. पण सगळे खाली बघायला लागले. बरेच जण स्वतःही कुठल्या ना कुठल्या सरकारी खिडकीमागून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेले होते. तुम्हीही असाल त्यांत. एक चेहरा ओळखीचा वाटला.

‘मग इतके दिवस बोलला का नाहीस रे?’ आईने विचारलं.

मी पेनाचं टोपण काढलं.

‘घाबरलो, आई. त्यावर एकट्याचीच सही असते.’