नाव घेतल्याशिवाय

आमच्या दूध संस्थेची वेबसाइट उखाणा घेतल्याशिवाय उघडत नाही.

सुरुवातीला तसं नव्हतं. मी संस्थेचा राखणदार. पहाटे डेअरीचं कुलूप मीच काढायचो, म्हणून चेअरमन भाऊसाहेब खोतांनी वेबसाइट उघडायचं कामही माझ्याकडेच दिलं. समोर काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ. आधी नाव लिहायचं, मग हुकूम. गुरांचे डॉक्टर आज कोणत्या वाडीत आहेत, दुधाची गाडी उशिरा आहे का, एवढं लिहिलं की ते सगळ्यांच्या फोनवर दिसायचं.

मग माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि माझ्या जागी माझी बायको हौसा बसू लागली. पडद्याने नाव विचारलं. तिथे माझंच नाव लावलेलं होतं, केरबा. हौसा बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसली. नवऱ्याचं नाव असं उघडं कसं घ्यायचं, म्हणाली. मग एका बोटाने तिने लिहिलं:

आंबोण ठेवलं दावणीला, पान्हावली म्हैस,
केरबांचं नाव घेते, बाई आता उठून बैस.

वेबसाइटने थोडा विचार केला आणि उघडली. तेव्हापासून तिला तीच सवय लागली. नुसतं केरबा लिहिलं तर हलायची नाही. मासिक सभेत विषय निघाला, तेव्हा वेबसाइटच्या या रीतीला संस्थेची हरकत नाही, असा ठराव झाला.

माझे डोळे बरे झाले तरी खुर्ची हौसाकडेच राहिली. ती रोज नवा उखाणा घ्यायची. लिहिता लिहिता पुटपुटायची, आणि मी शेजारी पेंडीच्या पोत्यावर बसून ऐकायचो. लग्नात तिने माझं नाव घेतलं होतं, तेही करवल्यांनी दार अडवलं म्हणून. म्हातारपणी रोज घेऊ लागली. मी मात्र तिला जन्मभर 'अगं' म्हणूनच हाक मारली.

माघात हौसा गेली. वेबसाइट उघडेना. डॉक्टर तळ्याच्या वाडीत आहेत, असं तिने शेवटी लिहिलेलं तेवढंच फोनवर दिसत राहिलं. लोक आजारी गुरं घेऊन तळ्याच्या वाडीला जायचे आणि तशीच परत आणायचे.

भाऊसाहेबांनी शहरातून शाहीन मुल्ला नावाच्या इंजिनिअर बाईंना बोलावलं. वेबसाइट आपोआप चालती करा, नाहीतर ही पुसून नवी बसवा, असं त्यांना सांगितलं. हौसाचे सगळे उखाणे वेबसाइटच्या पोटात होते. पुसली की तेही जाणार होते. मी पोत्यावर बसून राहिलो.

शाहीनबाईंनी हौसाचा एक जुना उखाणा लिहून पाहिला. वेबसाइटने उत्तर दिलं. ते त्यांनी मला वाचून दाखवलं.

"आता त्यांनी घ्यावं."

"कुणी?" मी विचारलं.

"तुम्ही, मामा. त्यांचं घेऊन झालं. आता तुमची पाळी, म्हणून ती थांबलीय."

मी खुर्चीत बसलो. बाईंना म्हटलं, जरा तिकडं तोंड करा. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. भाऊसाहेब दारात उभे होते.

"लाजतोस काय केरबा? घोड्यावरनं उतरलास की काय आत्ता?"

मी एकेक अक्षर शोधून लिहिलं:

तापल्या दुधावर धरली जाडसर साय,
हौसाचं नाव घेतो, अजून रुसलीस काय?

वेबसाइट उघडली. डॉक्टरांची वाडी बदलली.

मग शाहीनबाईंनी सगळे हुकूम एकाखाली एक लिहून ठेवले. आता गाडीची वेळ, डॉक्टरांची वाडी, सारं यंत्र आपलं आपण टाकतं. पहिली ओळ तेवढी त्यांनी रिकामी ठेवली. हे कसलं आपोआप, असं भाऊसाहेबांनी विचारलं.

"बाकी सगळं आपोआप आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "नाव ज्याचं त्यानंच घ्यायचं असतं."

भाऊसाहेबांना ते पटलं.

मी पहाटे कुलूप काढतो, खुर्ची पुसतो आणि नाव घेतो. वेबसाइट जरा थांबते, पदर सारखा करायला हौसा थांबायची तेवढीच, आणि मग उघडते.

काल काही केल्या यमक जुळेना. गाडी यायची वेळ झाली. मी नुसतं हौसा असं लिहिलं.

उघडली. डॉक्टर काल माळवाडीत होते.