जखिणीने फुगवलेला नट

कोथरूडचे शोधसम्राट रंगराव कुदळे यांची नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी, त्यांच्याच शब्दांत, 'अफाट' होती. यांतलं फक्त कानांचं त्यांच्या पत्नी शैलाबाईंना मान्य होतं. स्कूटरच्या कारखान्यात वीसेक वर्षं नट तपासून रंगरावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. त्यामुळे सोसायटीतली ऋतिका "काका, माझा नट तपासायचाय," म्हणत आली, तेव्हा आपली कीर्ती पसरली असं त्यांना मनापासून वाटलं.

ऋतिका सॉफ्टवेअरमधली चांगली नोकरी सोडून भयपट काढत होती. स्वप्नात येऊन पुरुषांचं सत्त्व शोषणारी जखीण तिने आयटीच्या जमान्यात आणली होती. ही जखीण फक्त नाइट शिफ्टवाल्यांना धरायची. तिच्या बळीचं काम करत होता सुखदेव, यवतमाळहून आलेला, कर्वेनगरात खोली घेऊन राहणारा इंजिनियर.

"रविवारी त्याच्या मरणाचा सीन आहे," ऋतिका म्हणाली. "तो झिजून झिजून मरायला हवा. आणि हा दर शूटिंगला आणखी गुटगुटीत होऊन येतो! विचारलं तर म्हणतो, काहीच खात नाही. काका, सिनेमा पडला तर बाबा म्हणणार, बघ, सांगत होतो! तेवढं मला ऐकायचं नाहीये हो." तिचे डोळे भरून आले.

"प्रेत फुगतं," रंगराव गंभीरपणे म्हणाले. "तो आधीच गेलेला नाही ना?"

"काल त्याने मला मिस्ड कॉल दिला."

"हं. मग जुळा भाऊ."

रंगराव कामाला लागले. सुखदेवच्या वाळत घातलेल्या शर्टावर त्यांना पांढरी पूड सापडली. विष समजून त्यांनी ती जिभेवर ठेवली आणि शैलाबाईंसाठी शेवटचे शब्दही ठरवले. मरण काही येईना, भूक मात्र सणकून लागली. मग त्यांनी शेजाऱ्याकडे चौकशी केली आणि धापा टाकत घर गाठलं.

"शैला, सिनेमा कसला, सगळं खरं आहे! शेजारी स्वतः म्हणाला, सुखदेवकडे बाई लागलीय! रोज सकाळी येते, दार लावून घेते. ती गेली की हा तृप्त होऊन पडतो, हाक मारली तरी ओ देत नाही."

शैलाबाईंनी मेथी निवडताना मानही वर केली नाही. "नुसत्या पोळ्यांना, की सगळ्या स्वयंपाकाला?"

रंगरावांची अफाट बुद्धी जागच्या जागी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऋतिकाला घेऊन कर्वेनगरात पोचले. शैलाबाई 'सहज' बरोबर आल्या. सुखदेवने दार उघडलं. त्याच्या हनुवटीवर तूप होतं. आत मुक्ताबाई पोळ्या लाटत होत्या.

"मॅडम, मुद्दाम नाही सांगितलं," सुखदेव ओशाळून म्हणाला. "पुण्यात चांगली बाई मिळाली असं बोललं, की कोणीतरी पळवतेच."

शैलाबाईंनी छताकडे पाहिलं.

"रविवारपर्यंत त्यांना सुट्टी दे," ऋतिका म्हणाली.

"तीन वर्षं मेसची पोळी चावली मॅडम! पिक्चर सोडतो, बाई सोडत नाही मी."

ऋतिका मटकन खाली बसली. मुक्ताबाईंनी न विचारता तिच्यापुढे ताट सरकवलं, पोळीवर तुपाची धार धरली. तिने रागारागाने एक घास घेतला. मग दुसरा. दोन पोळ्या संपल्यावर ती ताडकन उठली.

"हा झिजायलाच कशाला हवा? माझी जखीण शोषत नाही, भरवते! माणूस मित्र विसरतो, घरचे फोन विसरतो, उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि हसत हसत मरतो!"

"हेच मी सुचवणार होतो," रंगराव म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.

जखिणीचे आतापर्यंत नुसते केसच शूट झाले होते. ऋतिकाने मुक्ताबाईंपुढे हात जोडले. "मावशी, जखिणीचं काम कराल?"

मुक्ताबाईंनी तव्यावरची पोळी उलटली.

"करीन की. पर आधीच सांगते, भांडी घासनार न्हाई."