तीनशे पन्नासच्या पुढे

इमारतीचं नवं सरकतं गेट संध्याकाळी सात वाजता रुसायचं. दिवसभर रिमोटचं बटण दाबलं की शहाण्यासारखं बाजूला व्हायचं, पण सात वाजले की ढिम्म. चेअरमन ऑफिसातून यायचे नेमके सातला. आधी ते गाडीत बसून बटण दाबायचे, मग खिडकीबाहेर हात काढून दाबायचे, मग खाली उतरून गेटच्या तोंडाशी रिमोट नेऊन दाबायचे. दहा वेळा दाबल्यावर कधीतरी ते उघडायचं. साडेसातनंतर मात्र बिनतक्रार.

आता संशय कुणावर जाणार? ज्याने गच्चीवर अँटेना उभारलीय त्याच्यावरच! तो माणूस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे चष्मेवाले. दिवसभर दुकानात लोकांचे डोळे तपासायचे आणि सात ते साडेसात हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावर, बोलायचे. जगभरच्या लोकांशी वगैरे नाही, एकाच माणसाशी. नदीपलीकडच्या गावात राहणाऱ्या धाकट्या भावाशी.

"मग फोन करा की त्याला!" चेअरमन म्हणाले. "फोन काय शोभेला ठेवलाय?"

चष्मेवाले काय सांगणार, कपाळ? वडिलांचं घर विकण्यावरून दोघा भावांचं असं वाजलं होतं, की फोनवर दुसऱ्या मिनिटाला दोघं एकदम ओरडायला लागत. रेडिओवर ती सोयच नाही. एकाने बटण दाबून बोलायचं, 'ओव्हर' म्हणायचं, मग दुसऱ्याने. मध्ये तोंड घालता येत नाही. थोरल्याने एकदा बटण दाबलं की तो पाच पाच मिनिटं सोडत नसे, पण धाकटा बिचारा ऐकून घ्यायचा. अँटेना उतरली की भाऊ गेला, इतका सरळ हिशेब होता.

"रविवारपर्यंत तुमचा रेडिओ निर्दोष आहे हे सिद्ध करा," चेअरमननी बजावलं. "नाहीतर अँटेना खाली!"

चष्मेवाल्यांनी मग एक स्पेक्ट्रम अॅनालायझर मागवला. तळहाताएवढा, आणि मिळत होते त्यातला सगळ्यात स्वस्त.

"आणखी एक डबडं!" बायको म्हणाली. "हे काय करतं?"

"अगं, रेडिओ एका फ्रिक्वेन्सीवर बोलतो, पण तिच्या दुपटीवर, तिपटीवरही थोडंफार पुटपुटतो. ते पुटपुटणं जास्त झालं की दुसऱ्यांच्या कामात लुडबुड होते. ती यात दिसते."

रेडिओ जोडला. स्क्रीनवर एक उंच सुळका आला, दुपटीच्या जागी नावापुरतं टेकाड, आणि तिथून उजव्या कडेपर्यंत सगळं सपाट मैदान. चष्मेवाल्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी ते मैदान चेअरमनना नेऊन दाखवलं. चेअरमनना ओ की ठो कळलं नाही, म्हणून त्यांनी ताबडतोब मान डोलावली.

"ठीक. तुमचा दोष नाही. मग कुणाचा तरी असणारच. यंत्र तुमच्याकडे आहे, आता तुम्हीच शोधा."

आणि इथेच सगळा सत्यानाश झाला.

पहिला संशय दाताच्या डॉक्टरांच्या ट्रेडमिलवर. ते रोज सातलाच पळायचे. चष्मेवाले यंत्र घेऊन दारात उभे राहिले, ट्रेडमिल बंद करायला लावली, आणि खाली गेट पहिल्या दाबात उघडलं! चेअरमननी खालून हात उंचावला. डॉक्टरांना पळायची बंदी झाली. दुसऱ्या दिवशी चष्मेवाले हा विजय भावाला ऐसपैस सांगत बसले, आणि खाली गेट पुन्हा ढिम्म.

"म्हणजे चोर एक नाही, जास्त आहेत," चेअरमन म्हणाले.

मग कीबोर्ड शिकवणाऱ्या बाईंचा नंबर. सातची शिकवणी थांबवली, गेट उघडलं. बाई रडकुंडीला आल्या, शिकवणी सकाळवर गेली. पुढच्या संध्याकाळी चष्मेवाले रेडिओवर, गेट ढिम्म. त्यानंतर तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांची पाठ चोळणारी खुर्ची. तीही बंद केली, गेट उघडलं!

वाचकहो, तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. ज्या संध्याकाळी चष्मेवाले तपासाला निघत, त्या संध्याकाळी त्यांचा रेडिओ बंद असे. पण तपास करणाऱ्याचा तपास कोण करणार? जिन्यात लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. हेडमास्तर कमरेत वाकून चालायला लागले. आणि चष्मेवाल्यांना मात्र वाटत होतं, आपण इमारतीचं भलं करतोय.

रविवारी सातला सगळे चष्मेवाल्यांच्या घरी जमले. आख्ख्या इमारतीतली उपकरणं बंद होती. चेअरमन रिमोट घेऊन बाल्कनीत उभे. बाल्कनीतून त्यांनी एकदा दाबून पाहिलं, गेट उघडलं, पुन्हा दाबलं, मिटलं.

"बघा," चष्मेवाले म्हणाले. "आता मी बोलतो. गेट असंच उघडेल. मग तरी विश्वास बसेल?"

त्यांनी रेडिओचं बटण दाबून भावाला हाक मारली. चेअरमननी रिमोट दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. चष्मेवाल्यांनी बटण सोडलं, चेअरमननी तिसऱ्यांदा रिमोट दाबला आणि गेट सरकन उघडलं.

"अहो, तुम्ही तोंड उघडलं की गेट बंद, आणि तोंड मिटलं की गेट उघडं!" चेअरमन ओरडले.

चष्मेवाल्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी पुन्हा रेडिओचं बटण दाबलं. "अरे, यंत्रात तर सगळं स्वच्छ दिसतंय रे! ओव्हर."

"दादा, ते यंत्र कुठपर्यंत बघतं? ओव्हर."

चष्मेवाल्यांनी यंत्राचा खोका उलटा केला. आयुष्यभर त्यांनी लोकांना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावली होती. खोक्यावरची शेवटची ओळ त्यांनी आज पहिल्यांदा वाचली. "तीनशे पन्नास मेगाहर्ट्झपर्यंत. ओव्हर."

"आणि गेटच्या रिमोटवर काय लिहिलंय? ओव्हर."

चेअरमननी रिमोट उलटा केला. "चारशे तेहतीस पॉइंट ब्याण्णव."

चष्मेवाल्यांनी पडल्या आवाजात तो आकडा पलीकडे सांगितला.

"आपण एकशे चव्वेचाळीस पॉइंट चौसष्टवर बोलतो. तीनने गुण, दादा. ओव्हर."

गुणाकार हेडमास्तरांनी तोंडी केला. "बरोब्बर तेवढंच येतं!" आणि त्यांनी चष्मेवाल्यांकडे असं बघितलं, की चष्मेवाल्यांना बाकावर उभं राहावंसं वाटलं. तिपटीवरचं पुटपुटणं ज्या जागी होतं, तिथवर त्या यंत्राची नजरच पोचत नव्हती. ते सपाट मैदान त्याआधीच संपत होतं.

"साधा फिल्टर लाव, नाहीतर फ्रिक्वेन्सी जरा सरकव. गेट सुरळीत चालेल. ओव्हर."

चष्मेवाल्यांनी आशेने सगळ्यांकडे पाहिलं. आठवड्यापूर्वी लोक हसून सोडून देते. पण आता समोर न पळालेले डॉक्टर होते, शिकवणी गेलेल्या बाई होत्या आणि वाकलेले हेडमास्तर होते.

"चोराच्या उलट्या बोंबा!" डॉक्टर म्हणाले. "फिल्टर-बिल्टर काही नाही. अँटेना खाली!"

सगळे हात वर गेले. ते निघून गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा." चष्मेवाल्यांना तिचा रागही आला नाही.

सोमवारी अँटेना उतरली. सात वाजता ते सवयीने मुक्या रेडिओसमोर जाऊन बसले. आता भावाचा आवाज पुन्हा कधी ऐकू येणार, या विचाराने त्यांना अगदी पोरकं वाटत होतं. इतक्यात फोन वाजला. धाकटा!

"दादा, मी काय म्हणतो..."

"अरे, आधी माझं ऐक..."

"तू नेहमी हेच करतोस! घराच्या वेळीही..."

"घराचं काढू नकोस! घाई कुणी केली होती?"

बायकोने फोन हिसकावून घेतला, स्पीकर लावला आणि टेबलावर आपटला. "भावजी, तुम्हीही ऐका. एकाने बोलायचं, झालं की ओव्हर म्हणायचं. तोवर दुसऱ्याने मिठाची गुळणी धरायची. कळलं?"

मग पलीकडून दबका आवाज आला, "दादा, गेट उघडलं का? ओव्हर."

चष्मेवाल्यांनी बाल्कनीतून खाली पाहिलं. चेअरमनची गाडी आली होती. एकाच दाबात गेट बाजूला झालं.

"उघडलं रे," ते म्हणाले. पुढे खूप बोलायचं होतं, म्हणून त्यांनी 'ओव्हर' म्हटलं नाही; पण सुरुवात कुठून करावी हेच कळेना. आणि धाकटा पलीकडे, फोन न ठेवता, त्या 'ओव्हर'ची वाट बघत गप्प बसून राहिला.