संत्री टोचणारा

जावयाचं वागणं तानुबाईला मुळीच पसंत नव्हतं. सासुरवाडीला आलेल्या जावयानं पाटावर बसावं, पुरणपोळी हाणावी, लोडाला टेकून ढेकर द्यावी. देवीदास मात्र दिवेलागणीला कंदील घेऊन संत्र्याच्या बागेत पतंगांमागं धावायचा. अकोल्याला नवीन निघालेल्या शेतकी कॉलेजात तो मास्तर; कोणता पतंग कोणत्या जातीचा अन् कोणकोणत्या गावी सापडतो, एवढाच त्याचा उद्योग.

"लोक पुसतेत, जवाई वेडा हाय काय? काय सांगू मी त्याईले?" ती लेकीवर करवादली.

त्यात तिची वेगळीच लढाई चालू होती. पिकायला आलेल्या संत्र्यांना सुईएवढी भोकं पडायची अन् फळं गळायची. बांधापलीकडचा डोमाजी दाभणानं टोचतो, असं तिनं शेंदूरजनाघाटच्या भर बाजारात सांगितलं होतं. वर, "खोटी निघाली तं त्याच्या ओट्यावर जाऊन हात जोडीन!" देवाखेरीज कुणापुढं तिनं हात जोडले नव्हते.

संध्याकाळी पंच निवाड्याला बागेत आले. तानुबाईनं टोचलेलं संत्रं पुढं केलं. "पाहा याची करणी!"

"मामी," देवीदास मध्येच म्हणाला, "अशी भोकं मी मूर्तिजापुरात पाहिली, नांदगाव खंडेश्वरात पाहिली, अकोल्यातही."

"मंग मी काय दाभण घेऊन आगगाडीत फिरून राहिलो?" डोमाजी उसळला.

पंच खो खो हसले. देवीदासनं फांदीशी कंदील धरला. सुकल्या पानासारखा एक पतंग संत्र्यात सोंड खुपसून निवांत बसला होता.

"बाकीचे पतंग फुटकं फळ चाटतात. याची सोंडच दाभणासारखी. अन् गुळवेल असेल तिथं हा असतोच. याच्या अळ्या तीच वेल खातात."

सगळ्यांच्या माना तानुबाईच्या कडुनिंबाकडं वळल्या. त्यावर गुळवेल माजली होती. तिचा कडू काढा अख्ख्या गावानं नाक दाबून प्यालेला.

"वयनी, म्हंजे चोराले तुमीच जेवू घालून राहिल्या!" डोमाजी मिशीत हसला.

तानुबाईला ओट्यावर हात जोडायचा आपलाच बोल आठवला. तेवढ्यात तिची नजर बांधापलीकडं गेली.

"अन् तुह्या निंबावर काय हाय रे? हिवताप आला तवा माह्याच वेलीचं कांडं नेऊन लावलं ना?"

डोमाजीचं हसू मिशीतच अडकलं. पंचांनी निकाल दिला : चोर दोघांच्याही घरी जेवला, दोघांनी वेल तोडावी, हात कुणीच जोडू नये.

तानुबाईनं डोमाजीला साखर घालून चहा दिला, मग जावयाकडं वळली.

"जवाईबापू, चोर धरला, लय चांगलं केलं. पण सासूच्या घरात धरला, तं आधी तिच्या कानात सांगाव लागते. आज पुरणपोळी भेटन, तूप नाही भेटणार!"