रजेवर गेलेली जीभ

बिस्किटांच्या कारखान्यात चव बघायचं काम करणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘चवपारखी’ म्हणत. बावीस वर्षांत त्यांचा अंदाज एकदाही चुकला नव्हता. निदान चारचौघांत ते स्वतः तसं सांगत.

झोपेत मात्र घोरता घोरता त्यांचा श्वासच थांबायचा. थांबला की बायको कोपरानं ढोसायची. “एक दिवस ढोसूनही उठला नाहीत तर मी काय करू?” असं ती रडवेली होऊन म्हणाली, तेव्हा ते मुकाट्यानं घशाच्या ऑपरेशनला तयार झाले. डॉक्टरांनी टॉन्सिल काढले, टाळूची मागची बाजू कातरली. घोरणं गेलं, पण जाताना वास आणि चवही घेऊन गेलं. चहा गंजक्या नळाच्या पाण्यासारखा लागे, आणि गोडाला तर जीभ ओळखच दाखवेना.

“येईल परत,” डॉक्टर म्हणाले. “काही महिने धीर धरा.”

महिने! कारखान्यात कळलं तर? चवपारख्यांनी शक्कल काढली. आधी मदतनीस बाईंना बिस्किट द्यायचं, त्यांचा चेहरा निरखायचा आणि गंभीरपणे विचारायचं, “तुमचं काय मत?” इतक्या वर्षांत प्रथमच कुणी मत विचारलं म्हणून बाई खूश. त्या जे सांगत तेच हे जरा जड शब्दांत वहीत उतरवत.

एका सकाळी बाईच रजेवर गेल्या. चवपारख्यांनी डोळे मिटून बिस्किट चावलं. कुरकुरीत वाजलं. “उत्तम. गोडवा अगदी बेताचा,” असा शेरा मारून त्यांनी लॉट पास केला.

तासाभरात भट्टीवरचा माणूस धावत आला. “अहो, साखरेच्या जागी मीठ पडलंय! आणि तुम्ही पास केलंत?”

माल फाटकातच अडवायला सांगून चवपारखी तडक मालकांकडे गेले. मालक त्याच लॉटमधलं तिसरं बिस्किट चहात बुडवत होते.

“साहेब, चूक झाली. घोरण्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला चवच कळत नाही.”

मालकांनी हातातल्या बिस्किटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“आधी दार लावा,” ते हळूच म्हणाले. “माझं दोन वर्षांपूर्वी झालं. चव गेली ती गेलीच. मी आपला तुमच्या शेऱ्यावर चालतो.”

“आणि मी बाईंच्या चेहऱ्यावर.”

मालकांनी हातातलं बिस्किट बशीत ठेवून दिलं.

“उद्यापासून तुमची खुर्ची बाईंना,” मालक म्हणाले.

“आणि मी?”

“तुम्ही चेहरे छान वाचता. विक्री खात्यात जा.”

हा विनोद होता की हुकूम, ते मालकांच्या चेहऱ्यावरून चवपारख्यांना काही केल्या वाचता येईना.